फॉर्मेट मारू देणार नाही

"मावशी, याले फॉर्मेट मारा लागते."

घाटंजीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं असं म्हटलं तवा फॉर्मेट म्हणजे काय ते मले माहीत नव्हतं. मले वाटलं असंल काही फवारा, पऱ्हाटीवर मारतात तसा. मी म्हटलं, "मारा मंग." त्यानं कीबोर्ड पुढं ओढला. नशीब माहं, की तेवढ्यात मले विचारायची बुद्धी झाली.

"याच्यानं होते काय?"

"आतलं सारं साफ. कोरा करकरीत. नव्यावानी पळते."

"अन आतलं कुठं जाते?"

"कुठं जाते म्हणजे? जाते."

मी टेबलाच्या पलीकडं हात घातला अन बोर्डावरचं बटनच बंद केलं. सारं एकदम थंड. दुकानातले दोन गिऱ्हाईक माह्या तोंडाकडं पाहून राह्यले. दुरुस्तीवाला चाळिशीतला माणूस, बायायनं त्याच्या दुकानातलं बटन बंद करावं अशी त्याले सवय नव्हती. "असं बंद नाही करत मावशी, खराब होते!" तो ओरडला. मी म्हटलं, "तू करून राह्यला होता त्याच्यापेक्षा कमीच खराब होईल."

"अवो, गाणेच तं हायेत आत. नेटवर ढीगभर भेटतात."

"हे नाही भेटत."

"मंग हा डब्बा असाच घर्र घर्र करत मरंल. हार्डडिस्क संपत आली त्याची."

"मरू दे. पण माह्या हातानं मरंल, तुह्या नाही."

मी सारा जन्म आंगणवाडीत सेविका होती. सुटून दोन वर्षं झाली, पण चाळीस लेकरायले एका हाकेत गप्प करणारा आवाज काही सुटला नाही. तो त्या दिवशी दुकानात निंगाला. डब्बा उचलला, लुगड्याच्या पदरानं पुसला अन ऑटोत मांडीवर घेऊन तांड्यावर परत आणला. वाटेतल्या एकानंही विचारलं नाही, मांडीवर काय हाय म्हणून. माहं तोंडच तसं होतं.

आता आत काय होतं ते सांगतो. आमी गोर लोक, म्हणजे बंजारे. आमचे वाडवडील बैलायच्या पाठीवर माल लादून देशभर फिरले, आता आमी कापूस, तूर अन सोयाबीन पेरतो. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, सायबापुढं पुस्तकातली मराठी, अशा तीन जिभा घेऊन आमचं लेकरू मोठं होते. आमच्यात पोरीचं लग्न झालं की सासरी निंगताना ती ढावलो गाते. ढावलो म्हणजे नवरीनं स्वतः गायचं रडणं. एकेका माणसाच्या गळ्यात पडून, त्याचं त्याचं वेगळं कडवं. बापाचं वेगळं, भावाचं वेगळं, काकीचं वेगळं, अन याडीचं, म्हणजे मायचं, सगळ्यात लांब. लग्नाच्या आधी तांड्यातल्या बुढ्या पोरीले घेऊन बसत, पंधरा-पंधरा दिवस शिकवत. आता पोरी ब्युटीपार्लरवालीपाशी बसतात. माह्या वयाच्या बायायले दोन-चार कडवे येतात, पुढं बैलबंडी चिखलात फसते.

पूर्ण ढावलो एकीलेच येत होता, माह्या चुलतसासूले. मी तिले काकी म्हणतो. आमच्या भिंतीले भिंत लागून तिचं घर. तीन वर्षं मी दर रविवारी तिच्या ओसरीत मोबाईल घेऊन बसली अन एकेक कडवं भरून घेतलं. काकी मोठी खट. एक कडवं गायची अन म्हणायची, "आता चा आण." चा आणला की म्हणायची, "आता तंबाखू." भरलेलं सारं मी पोराच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये टाकत गेली. पोरगा नोकरीवर गेला, नवा घेतला त्यानं, हा घरीच सोडून गेला. साऱ्यायनं म्हटलं बुढी येडी झाली, म्हातारपणी बटनं दाबून राह्यली. मी दाबली. कोणाच्या बापाचं काय गेलं?

मंग गेल्या पोळ्याच्या सुमारास काकीले लकवा मारला. उजवं अंग गेलं अन वाचा गेली. पार गेली. डोळ्यानं सारं समजते, डावा हात चालते, पण तोंडातून एक शब्द नाही. पाणी पाहिजे तं लोट्यावर बोट ठोकते. जिच्या शिव्या पाणंदीपर्यंत आयकू येत, ती बुढी लोटा ठोकून राह्यली, हे पाहून मी घरी येऊन ढसाढसा रडली. खोटं कायले सांगू?

त्याच हिवाळ्यात माह्या शेंडेफळाचं लग्न ठरलं. मुकुटबनच्या अंगाले एका दवाखान्यात नर्स हाय ती. पसंतीच्या बैठकीत होणाऱ्या सासूनं सहज म्हटलं, "आमच्याकडं आता ते रडणंभेकणं काही नसते बापा. डीजे लावतो अन मोकळं होतो. शिकलेल्या लोकायत बरं नाही दिसत." माही पोरगी चा घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला अन म्हणाली, "मी ढावलो गाईन. पूर्ण." मले आतून अशी उकळी फुटली, म्हटलं हे माह्याच पोटचं हाय.

पण येत कुठं होता तिले? तिची शिकवणारी तं लोटा ठोकत बसली होती. राह्यला होता तो आवाज, कॉम्प्युटरमध्ये. पोरगी दर रविवारी मुकुटबनहून येणार, आयकणार, शिकणार, असं ठरलं. लग्न उन्हाळ्यातलं. अन संक्रांत झाली न झाली की हा कॉम्प्युटर बिघडला.

बिघडला म्हणजे बंद नाही पडला. त्याच्या तोंडावर एक लाल लाइट हाय, आतली हार्डडिस्क काम करून राह्यली की तो लुकलुकते. आधी लुकलुकायचा अन थांबायचा. आता थांबेचना. सकाळी चालू केला की जो पेटायचा तो पेटलेलाच. आतून घर्र घर्र, जातं दळल्यासारखं. अन एक कडवं लावलं की काकी अर्धा शब्द गाते, मंग गप्प, मंग अर्धा शब्द. पोरगी दोन रविवार अशीच परत गेली. आमचे मालक खाटेवरून म्हणत, "तो दमला हाय. बैल दमला की बैल बदला लागते." मी म्हटलं, "बैल नाही दमला, बैलाच्या मागं कोणी तरी तुतारी घेऊन लागला हाय. तो मले पकडायचा हाय."

तुतारी म्हणजे आमच्याकडं बैलाले टोचायची काठी, हे आपलं शयरातल्यायसाठी.

दुकानातून परत आणला त्या दिवशी मी एक कोरं रजिस्टर काढलं. आंगणवाडीत मले सरकारनं दुसरं काही शिकवलं नसंल, पण रजिस्टर ठेवायले शिकवलं. वजनाचं येगळं, हजेरीचं येगळं, खिचडीचं येगळं. पहिल्या पानावर लिहिलं, लाल लाइट. अन कामाले लागली.

आंगणवाडीत एक लेकरू रडलं की दहा रडतात. नवी बाई आली की ती दहाहीजणायले थापटत बसते. जुनी बाई तसं नाही करत. ती एकेकाले उचलून बाहेर नेते. ज्याले बाहेर नेल्यावर आतले सारे गप्प होतात, ते खरं रडणारं. मी तेच धरलं. एका वेळी एकच गोष्ट बंद करायची, घड्याळ लावून अर्धा घंटा बसायचं, लाइट पाहायचा, रजिस्टरात लिहायचं.

नेटचं वायर काढलं. लाइट चालूच. प्रिंटर काढला. चालूच. पोरानं भरून ठेवलेले गेम काढून टाकले, त्याले फोनवर शिव्या देत. चालूच. घड्याळ, हवामान, बातम्या, न मागता कोपऱ्यात येऊन बसलेले सारे एकेक करून हाकलले. चालूच. रजिस्टराचं पान भरलं, साऱ्या रकान्यात एकच शब्द. मालक ओसरीतून डोकावले अन म्हणाले, "काय निंगालं?" मी म्हटलं, "कोण नाही रडत ते निंगालं. ते बी कामाचं असते." ते वावरात गेले.

चौथ्या दिवशी मोबाईलवर एका पोरीचा व्हिडिओ पाहून मले टास्क मॅनेजर सापडला. कॉम्प्युटरच्या पोटात कोण कोण काम करून राह्यलं याची हजेरीच असते ती. डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के, लालभडक. त्या रकान्यावर बोट दाबलं तं सगळ्यात जास्ती खाणारा वर आला. कोण असावा? व्हायरस तपासणारा! राखणदार म्हणून ठेवलेला. मी कपाळावर हात मारला. कुंपणच शेत खाऊन राह्यलं होतं.

पण नुसतं नाव कळून काय होते? तो खाते काय, हे पाहा लागते. आणखी एक खिडकी उघडली, तिथं तो कोणती फाइल वाचून राह्यला ते दिसे. पाह्यलं अन मले घामच फुटला. ढावलो. ढावलो नवा. ढावलो नवा खरा. ढावलो नवा खरा रविवारचा. सारे माह्याच हातचे नावं.

आता इथं मले माही चूक कबूल करा लागते, अन करतो. आमच्या घरची रीत हाय, बियाणं एका घरात ठेवायचं नाही. माही माय तुरीचं बी राखेत घोळून तीन ठिकाणी ठेवे, एक आपल्या घरी, एक भावाकडं, एक तांड्याच्या दुसऱ्या टोकाले. एक घर जळालं तं दोन राहतात. काकीचा आवाज मले बियाण्यापेक्षा कमी नव्हता. कॉम्प्युटर उघडला की सी, डी अन ई असे तीन ड्राइव्ह दिसत. मी समजली, हे तीन घरं. दर रविवारी नवं कडवं भरलं की साऱ्याची पुन्हा कॉपी करायची अन तिन्ही घरात टाकायची. जुनी मोडायची नाही, न जाणो नवीत काही राहून गेलं असंल. तीन वर्षं. दर रविवार. तिन्ही घरात. आता तो राखणदार रोज सकाळी चालू झाला की पहिल्या कॉपीपासून तपासायले बसे. अन आमच्या तांड्यावरची लाइन किती टिकते? दुपार झाली की गेली. दुसऱ्या दिवशी तो बिचारा पुन्हा पहिल्यापासून. तीन वर्षाचे रविवार त्याले एकदाही संपवता आले नाहीत. त्याचाही काय दोष? मी असती तं मीही घर्र घर्र केलं असतं.

त्याचं रोजचं तपासणं बंद केलं, महिन्यातून एकदाच लावलं. अर्धा घंटा घड्याळ घेऊन बसली. लाइट एकदा लुकलुकला, दोनदा लुकलुकला, अन विझला. अवो, मी उठून नाचली! एकटीच, बंद दारात, पासष्टी उलटलेली बाई. रजिस्टरात लिहिलं, सापडला. खाली दोन रेघा मारल्या.

रविवारी पोरगी आली. बापाचं कडवं लावलं, काकी सरळ गायली. भावाचं लावलं, सरळ. पोरगी हासून म्हणे, "याडी, तू तं इंजिनिअर झाली." मंग याडीचं कडवं लावलं. काकीनं सुरुवात केली अन तिसऱ्या ओळीत थांबली. लाल लाइट पेटला तो पेटलेलाच. आतून आवाज येऊन राह्यला, टक, टक, टक. पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच. आमी दोघी एकमेकीच्या तोंडाकडं पाहून राह्यलो. मी म्हटलं, "घाबरू नको. हे सीमधलं हाय. माह्यापाशी दोन घरं अजून हायेत."

पण आधी म्हटलं, आत कचरा असंल, साफ करू. वीज काढली, पेचकसानं बाजूचं झाकण उघडलं. मालकायनं सायकलचा पंप आणला, धूळ उडवली, एक पाल बी निंगाली. मी तीन डबे हुडकत होती. सीचा, डीचा अन ईचा. पोरीले म्हटलं, "बाकीचे दोन कुठं हायेत?" तिनं माह्याकडं पाह्यलं. मंग हळूच म्हणे, "याडी, एकच असते. नावं तीन, डबा एक. आतून पडदे लावलेत फक्त."

तीन वर्षं मी एकाच घराच्या तीन खोल्यायत बियाणं ठेवून राह्यली होती, अन घराले वाळवी लागली होती. दुरुस्तीवाला त्या एका गोष्टीत खरं बोलला होता, डिस्क संपत आली होती. मले माहाच राग आला. असा राग की पंप उचलून भिंतीवर मारावा वाटला. मालक म्हणाले, "जाऊ दे, आता काय होते?" अन ते आयकून तो राग सारा तिकडं वळला. "जाऊ दे काहून? डिस्क मेली काय? अजून टकटक करून राह्यली ना? जोवर करून राह्यली तोवर ओढतो मी तिच्यातून एकेक कडवं. जाऊ दे म्हणायचं नाही या घरात कोणी!"

मालक गुपचूप मोटारसायकल काढून घाटंजीले गेले अन तीन पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यायचं असंच हाय. तोंडानं जाऊ दे म्हणतात अन पायानं धावतात.

दुसऱ्या दिवशी पोरगी ड्युटीवर गेली अन मी सकाळी वीज आल्याबरोबर बसली. एकेक फाइल. बापाचं कडवं गेलं. भावाचं गेलं. काकीचं गेलं, मामाचं गेलं. याडीचं कडवं सीमधून ओढलं, अर्ध्यात अडकलं. लाइट लाल, टक, टक. थांबवलं. डीमधून ओढलं. त्याच्याच बाजूले अडकलं. ईमधून ओढलं, तिथं तं उघडलंच नाही. दुपारचे बारा वाजत आले होते, लाइन कधीही जाणार. अन प्रत्येक वेळी ती डिस्क आणखी झिजणार, हे आता मले समजत होतं.

मंग सुचलं. अगं बये, तुह्यापाशी तीन वर्षाचे रविवार हायेत! ढावलो नवा खरा. ढावलो नवा. एकेक जुनी कॉपी उघडत गेली. एकीत अडकलं, दुसरीत अडकलं. ढावलो नवा खरा होळीच्या आधीचा, असं नाव दिलेल्या एका कॉपीत, कायच्या काय कोपऱ्यात, याडीचं कडवं धडधाकट होतं. ओढलं. हिरवी पट्टी सरकत गेली, सरकत गेली, अन शेवटाले टेकली. पेनड्राइव्हवरून लावलं तं काकी सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायली अन शेवटी म्हणाली, "आता चा आण."

मी खुर्चीतच हात जोडले. कोणाले ते माहीत नाही. ज्या मूर्खपणानं डिस्क झिजवली त्याच मूर्खपणानं कडवं वाचवलं. कोणाले हासायचं असंल त्यानं हासावं. शहाण्या माणसानं एकच कॉपी ठेवली असती अन ती वाळवीनं खाल्ली असती.

एक पेनड्राइव्ह आमच्या घरी राह्यला, एक पोरीसंग मुकुटबनले गेला, एक मी काकीच्या घरी तिच्या पेटीत ठेवला. काकीनं डाव्या हातानं तो घेऊन उलटापालटा करून पाह्यला. मी म्हटलं, "काकी, याच्यात तूच हाय." तिनं माह्याकडं असं पाह्यलं, की बोलता आलं असतं तं शिवीच दिली असती.

बाजारच्या दिवशी मी मुद्दाम त्या दुकानात गेली. घ्यायचं काही नव्हतं. दुरुस्तीवाला म्हणे, "काय मावशी, मारला का फॉर्मेट?" मी रजिस्टर त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं पानं चाळली, आधी हासला, मंग हासणं कमी होत गेलं. शेवटच्या पानावर आला तवा म्हणे, "हे असं एकेक करून पाह्यलं तुमी?" मी म्हटलं, "हो. तुह्याकडं गिऱ्हाईक आलं की फॉर्मेट म्हणायच्या आधी एकदा विचारत जा, आत कोण हाय." त्यानं रजिस्टर मिटलं अन चा मागवला. पेलीची कड गरम होती, सावकाश प्यावा लागला.

लग्न झालं. मांडव आमच्याच दारात. सकाळपासून डीजेवाला आपला डब्बा लावून तयार होता. निंगायची वेळ झाली तसा व्याह्यायकडून निरोप आला, उन्हं चढली, लवकर उरका. डीजेवाल्यानं माह्याकडं पाह्यलं, मी त्याले हातानं थांबवलं. "तुही वेळ मंग येईल," म्हटलं. पोरीनं घुंगट घेतला अन बापाच्या गळ्यात पडून पहिलं कडवं उचललं. मालक, जे म्हणत होते हे रडणं कायले, ते पहिल्याच ओळीले ढसाढसा. मंग भाऊ. मंग मामा. व्याह्यायकडच्या दोन-तीन बाया आधी तोंडाले पदर लावून हासून राह्यल्या होत्या. त्यायचे पदर हळूहळू तोंडावरून डोळ्याले गेले. पोरीची सासू, जिले हे बरं दिसत नव्हतं, ती मांडवाच्या खांबाले धरून उभी होती अन तिचे ओठ हलून राह्यले होते. तिलेही कधी कोणी शिकवला असंल.

काकीले आमी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. पोरगी तिच्यापुढं गुडघ्यावर बसली, तिच्या गळ्यात हात घातला अन काकीचं कडवं सुरू केलं. काकी समोर पाहून राह्यली, दगडासारखी. दोन ओळी झाल्या. तिसरीच्या मध्यात पोरगी थांबली. मले माहीत होतं काहून थांबली. तिथं काकीले रेकॉर्डिंगमध्ये ठसका लागला होता, अन पोरगी आयकून आयकून तो ठसकासुद्धा पाठ करून बसली होती. ढावल्यात तिथं थांबायचंच असते असं तिले वाटलं.

तेवढ्या जागेत काकी गायली.

बोलली नाही, गायली. आठ-नऊ महिने जिच्या तोंडातून पाणी म्हणून शब्द निंगाला नव्हता, तिच्या वाकड्या झालेल्या तोंडातून ती अर्धी राह्यलेली ओळ निंगाली. घोगरी, फाटकी, पण चाल सरळ अन शब्द जिथल्या तिथं. पोरगी घुंगटातून तिच्या तोंडाकडं पाहत राह्यली, गायचं विसरली.

काकीनं ओळ संपवली, अन पोरगी पुढं गाईना हे पाहून डावा हात उचलून तिच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. पोरीनं डोळे पुसले अन पुढची ओळ उचलली, अन या वेळी ती कुठंच थांबली नाही.